देवजीनं घेतलेलं राघोचं घर

सापगावात घर घ्यायचं म्हणजे माणूस आधी वासे ठोकून बघतो, कारवीच्या कुडाच्या भिंतीला वाळवी लागलीय का ते नखानं उकरून बघतो, आणि विहीर लांब की जवळ ते बायकोला पाठवून बघतो. देवजीनं हे सगळं केलं. वर रुळाचे खिळे ठोकायचा हातोडा आणून प्रत्येक खांबावर मारला आणि कान लावून ऐकलं. तो खर्डी-कसाऱ्याच्या बाजूला रेल्वेच्या गँगचा मुकादम होता, त्याला दुसरी परीक्षा ठाऊक नव्हती. खांब खणखणीत वाजले. मग चौतीस सालच्या उन्हाळ्यात शहापूरला कागद झाला आणि राघोचं घर देवजीचं झालं.

म्हणजे कागदावर झालं.

देवजीचा सगळा जन्म रेल्वेच्या खोल्यांत गेला होता. खोलीच्या दारावर आकडा असायचा आणि लोक त्याच आकड्यानं हाक मारायचे. त्याच्या बायकोला, बाईजाला, विहिरीवर 'सात नंबरवाली' म्हणत. बदली झाली की ती 'तीन नंबरवाली' व्हायची. देवजीला हे फार लागायचं. मरण्याआधी कुणीतरी रस्त्यानं जाताना 'ते देवजीचं घर' म्हणावं, एवढी एकच हौस त्यानं आयुष्यभर बाळगली होती, आणि घर घेतलं ते खरं म्हणजे तेवढ्यासाठीच.

ताबा घेतला त्या संध्याकाळी देवजी ओटीवर मांडी ठोकून बसला. तेवढ्यात राघोची म्हैस आली. राघो आता ओढ्यापलीकडे भावाशेजारी राहायला गेला होता, पण हे म्हशीला कुणी सांगितलं नव्हतं. ती देवजीकडे न बघता सरळ गोठ्यात गेली आणि आपल्या जागेवर बसली. देवजीनं तिला दाव्यानं ओढत ओढ्यापलीकडे नेलं. दुसऱ्या संध्याकाळी ती परत आली. पुढं हे असंच चालू राहिलं. राघोची बायको सकाळी येऊन म्हशीची धार काढी आणि तिला घेऊन जाई. दूध राघोकडे जाई, शेण देवजीकडे राही.

गोठ्याच्या कौलांवर भोपळ्याचा वेल चढला होता. त्याचे भोपळेही राघोची बायकोच उतरवून नेई. देवजीनं एकदा घसा खाकरून विचारलं, तर ती म्हणाली, "वेल आमचा, कौलं तुमची. तुमी कौलं घेतलीत ना?"

पडवीत जमिनीत पुरलेलं उखळ होतं. आळीतल्या बायका तिथं भात कांडायला यायच्या, त्यांची पुढारी शेजारची हिराबाई. उखळ देवजीच्या पडवीत, मुसळ हिराबाईचं, आणि कोंबडा आरवायच्या आधी दणदणाट. बाईजाला मात्र बायकांची सोबत मिळाली, ती खूष होती. देवजीनंही हे सगळं सोसलं असतं. म्हैस सोसली असती, भोपळे सोसले असते. त्याला सोसत नव्हतं ते एवढंच, की हिराबाई कांडून घरी निघाली की हाक मारून सांगायची, "राघोच्या घरून आले गो!"

मग त्यानं उपाय सुरू केले. पहिला उपाय जेवणाचा. वास्तुशांत केली, गाव जेवायला बोलावलं. बोलावणं करायला पाठवलेला गावातला महादू दारोदार सांगत गेला, "राघोच्या घरी जेवाण हाय." गाव आलं, पोटभर जेवलं, आणि हात धुताना पंगतीतल्याच राघोला म्हणालं, "जेवाण फक्कड झालं हां." राघोनं मान डोलावून ते मानून घेतलं.

दुसरा उपाय पाटीचा. आता रेल्वेतल्या माणसाची अशी पक्की समजूत असते, की ज्या जागेला पाटी त्याच जागेला नाव. पाटी असली की गाडी चुकत नाही, मग माणसं कशी चुकतील? देवजीनं शहापुरातून पाटी रंगवून आणली, स्टेशनावर असते तशी पांढऱ्यावर काळी, आणि ओटीच्या वर ठोकली. गावाला पाटीचा फार उपयोग झाला. कुणी परका विचारत आला की लोक सांगायचे, "राघोचं घर ना? सोपं हाय. देवजी नावाची पाटी दिसंल, तेच."

शेवटी देवजी ओढा ओलांडून राघोकडेच गेला.

"राघोदादा, लोक तुझं ऐकतील. सांग ना तू त्यांना, आता देवजीचं घर म्हना."

राघो विडी ओढत होता.

"सांगतो की," तो म्हणाला.

त्यानं कुणालाही सांगितलं नाही. देवजी पुढची दहा-बारा वर्षं त्या घरात राहिला. कौलं परतली, कुडाचं दरवर्षी नवं लिंपण केलं, म्हातारी होऊन म्हैस त्याच्याच गोठ्यात मेली तेव्हा तिला पुरायला खड्डाही त्यानंच खणला. घर राघोचं ते राघोचंच राहिलं. रात्री जेवताना कधीतरी तो बाईजाला म्हणायचा, "आपन हितं पावनेच हाव." त्याच्या आवाजात तेव्हा चेष्टा नसायची.

सेहेचाळीस साली बाईजाची आई मुरबाडकडे एकटी पडली. शेत होतं, करायला कुणी नव्हतं. देवजीनं घर लडकू नावाच्या तरुण शेतकऱ्याला विकलं, पाटी काढून गाडीत टाकली आणि पिकल्या मिशांनी घरजावई झाला. तिकडच्या घराला लोक सासूच्या नावानं ओळखत. पाटीला सासूनं कामाला लावलं, ती भाताच्या कणगीवर झाकण म्हणून बसली.

वर्षभरानं बाईजाला आठवलं की आपलं जातं सापगावला राहिलं. ते आणायला देवजी निघाला. वाटेत किन्हवलीला एक बैलगाडी मिळाली. गाडीवान सापगावचाच होता, पण नव्यानं स्थायिक झालेला, देवजीला ओळखत नव्हता.

"सापगावात कुठं सोडू, बाबा?"

"लडकूच्या घरी."

"कोन लडकू?"

"अरे, पडवीत उखळ हाय, गोठ्यावर भोपळ्याचा वेल..."

"मग देवजीचं घर म्हना की."

देवजीनं डोक्याचं मुंडासं सोडलं, पुन्हा बांधलं. ओढा आल्यावर म्हणाला, "मघाशी कुनाचं घर म्हनलास? मला जरा कमी ऐकू येतं."

"देवजीचं," गाडीवान मोठ्यानं म्हणाला. देवजीच्या कानांना कसलाही विकार नव्हता.

लडकूनं जातं गाडीत चढवून दिलं, पाणी दिलं, आणि मग हळूच विषय काढला. भाबडा होता बिचारा. पैसे मी मोजले, कौलांची शाकारणी मी केली, पण गाव नाव तुमचं घेतं, हे त्याला खात होतं.

"देवजीकाका, तुमचं लोक ऐकतील. सांगा ना त्यांना, लडकूचं घर म्हना म्हनून."

देवजीला त्याची खरंच दया आली. या दुखण्याची नस न नस त्याला माहीत होती.

"सांगतो की," तो म्हणाला, आणि त्या घडीला त्याच्या मनात सांगायचंही होतं.

गाडी निघाली. विहिरीजवळ हिराबाई कळशी घेऊन उभी होती. तिनं कपाळावर हात धरून ओळखलं.

"देवजीभाऊ ना रे? कुनाकडं गेलतास?"

गाडीवानानं बैल थांबवले. मागं ओटीवर लडकू अजून उभा होता आणि इकडेच बघत होता. देवजीनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा हिराबाईकडे.

"देवजीच्या घरी," तो म्हणाला, आणि गाडीवानाला म्हणाला, "हाक आता."