बर्फातली गोधडी

बर्फामुळे तीन दिवस ऑफिस बंद होतं. मी खिडकीशी चरफडत बसलो होतो. बाहेर आवाज न करता बर्फ साचत होता आणि शेजारी आई माझ्या जुन्या शर्टांची गोधडी शिवत होती. बाबा गेल्यावर मीच तिला साताऱ्याहून इथे टोरांटोला आणलं आणि दिवसभर घरात एकटं ठेवलं.

"तीन दिवसांतच कंटाळलास?" ती हसली. "जरा दोरा ओवून दे."

"एरवी कोण ओवतं गं?"

"कोण ओवणार? मीच. दोरा आत जाईपर्यंत बसते प्रयत्न करत."

टाके बारीक, सरळ, एकसारखे होते. अख्खा हिवाळा तिने तसाच काढला होता, एकही तक्रार न करता. मी डबीतल्या सगळ्या सुया ओवायला घेतल्या. चष्मा लावूनही एकीतसुद्धा दोरा पहिल्या खेपेला गेला नाही.