देवीचा नायनाट

मित्रांनो, आपल्या टोचणीवाल्यांच्या या फिरत्या वहीत आज रडगाणंच लिहितो आहे. थकलो.

परवा सौंदडच्या चावडीवर वरून आलेला कागद चिकटवला होता. अंगभर फोड आलेल्या पोराचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘देवीचा नायनाट करा, लस टोचून घ्या’. आज लशीची पेटी घेऊन सायकलने गेलो, तर चित्रातल्या पोराला हळद-कुंकू लावलेलं, वर लिंबाचा डहाळा, खाली नारळ फोडलेला. ‘नायनाट’वर मात्र शेण थापलेलं.

टोचून घ्यायला एकही माणूस आला नाही.

शेजारच्या अंगणात धान पाखडणारी म्हातारी माझ्यावर खेकसली, "देवीले हाकलून राहिले का गा तुमी? असं लिवतानी हात नाही कापला?"

मी म्हटलं, "आजी, ते देवी नाही, रोग हाये."

"मंग तुमीच तिले देवी काऊन म्हणता?"

कागद छापणाऱ्यालाही दुसरा शब्द सापडला नव्हता. गावात दोन घरी पोरं फोडांनी तळमळत आहेत. दाराला कडुलिंब बांधलेला, म्हणजे आत देवी आलेली, म्हणून मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. शेजारची पोरंही लशीविना राहिली.

घरी आलो. बायकोने विचारलं, "तिकडं रोग हाये का?"

मी पटकन म्हणालो, "हळू बोल. दोन घरी माय आली हाये."

रोगाला ‘माय’ हे माझ्याच तोंडून निघालं. आता सांगा, त्या म्हातारीला मी कोणता शब्द शिकवू?