विजेचा विटाळ

संडासात पंखा असावा की नसावा यावर मी पत्रक काढलं नाही, एवढंच. बाकी सगळं केलं.

माझे मामा लढाईहून सुभेदार होऊन परतले आणि सांगलीत घर बांधून राहिले. पलटणीत कुठल्याशा साहेबाच्या संडासात त्यांनी टेबलफॅन पाहिला होता. तेव्हापासून तो त्यांच्या डोक्यातच फिरत होता. लष्कराच्या मोडीतून त्यांनी एक फॅन पैदा केला आणि न्हाणीघरात नव्या कमोडशेजारी, बसल्या बसल्या हात पोचेल असा, भिंतीत प्लग बसवून घेतला. डाव्या हाताला नळ, उजव्या हाताला वीज. देश स्वतंत्र व्हायच्या बेतात आणि आमचे सुभेदार साहेबाची हवा खात बसलेले. मी साताऱ्याहून गेलो तेव्हा पाहुण्याला किल्ला दाखवावा तसं मला ते सगळं दाखवण्यात आलं.

"मामा, हा प्लग हलवा," मी म्हणालो. "ओल्या जागी, हाताच्या टप्प्यात प्लग नको, असा नियम आहे. माणूस मरतो."

"नियम कुनी केला?"

"सरकारनं."

"म्हंजी साहेबानंच की. आन साहेबाचे कायदे मोडा म्हनून साताऱ्यात बोंबलत कोन फिरतंय? तुज्यासाठी एक म्याबी मोडला रं गड्या."

चौकात उभं केलं तर तासन्‌तास बोलणारा मी, नुसतं प्लगकडे बोट दाखवत राहिलो. मामांना हसून हसून ठसका लागला. मीही हसलो, पण संतापानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर मामी न्हाऊन, ओल्या लुगड्यानं, हातात पितळेचा तांब्या घेऊन त्या प्लगसमोर उभ्या. तांब्यात गोमूत्र. नवी वस्तू संडासाला चिकटून बसवलेली, ती शुद्ध करून घ्यायला नको? फॅनची वायर काढलेली, प्लगची भोकं उघडी, बटण चालू, पायाखाली पाणी. मामींनी बोटं बुडवून नेम धरला होता.

"मामी, थांबा."

"लांब हो. तुजी आंगूळ न्हाई, शिवशील मला."

शिवाशिव मोडा, असं छापून मी गावोगाव वाटलेलं. ते मोडायला इतकी चांगली जागा मला कधी मिळाली नव्हती. सरळ दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. तांब्या कलंडला आणि सगळं गोमूत्र माझ्या पायजम्यावर.

"भाचा शुद्ध झाला," मामा दारातून म्हणाले.

"मला परत न्हायाला लावलंस मेल्या," मामी कडाडल्या.

मग मी भाषण दिलं. पाणी, ओलं अंग, विजेचा प्रवाह, सगळं. मामींनी ते ऐकत ऐकत तांब्या परत भरला. मी काय, चार दिवसांनी साताऱ्याला जाणार; त्या रोज शिंपडणार. एखाद्या सकाळी मामी राहणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. आणि तोंडातून निघून गेलं,

"मामी, तिला ओल्याचा विटाळ होतो."

हात थांबला. "कुनाला?"

"विजेला. लय कडक सोवळ्याची. ओला हात लागला की कोपते."

"न्हालेल्या बाईचासुदिक?"

"तिचं सोवळं कोरडं असतं."

माझ्या साथीदारांनी हे ऐकलं असतं तर मला पुन्हा पत्रकाला हात लावू दिला नसता. माझाच मला राग येत होता आणि हसू आवरत नव्हतं, कारण मामी आता मामांकडे वळल्या होत्या.

"आवं, एवढ्या कडक सोवळ्याची ती, आन तिला हितं बशिवली? संडासाला खेटून?"

"आगं, ती काय देवी न्हवं. करंट हाय."

"कोपती म्हनल्यावर देवीच की."

जपान्यांच्या तोफांपुढे उभे राहिलेले सुभेदार यापुढे टिकले नाहीत. वायरमन आला, न्हाणीघरातलं भोक सिमेंटनं बुजलं आणि प्लग माजघरात, पाण्याच्या घागरींपासून लांब, उंच भिंतीवर गेला. मामींनी त्याच्या खाली हळदी-कुंकवाची बोटं ओढली. कोरडीच.

जेवण झाल्यावर मामा फॅन लावायला उठले. हात नुकते धुतलेले, मनगटावरून पाणी गळतंय.

"आदी हात पुसा," मामी म्हणाल्या. "विटाळ करताय तिला."

मामांनी धोतराला हात पुसले आणि पाऊल उचललं. मामींची नजर हटली नाही. मग ते तिथंच थांबले आणि एकेका बोटाच्या बेचक्यातूनही पुसू लागले.