दुसऱ्यांदा उघडलेला पत्ता

पत्त्यांचा नवा कॅट फोडला की येणारा प्लॅस्टिकचा वास मला अजून राजूरच्या त्या दुपारी नेतो. खिडकीच्या चौकटीवर कोळशाची धूळ होती, आम्ही चौघे पोकर खेळत होतो आणि वाटप माझ्याकडे होतं. माझ्या मित्राने अख्खा पगार लावला, आम्ही दोघं ज्याच्याकडे कामाला होतो त्या समोरच्या कंत्राटदारानेही तेवढेच पैसे लावले. सगळ्यांसाठी मध्ये मांडतात त्यांतला शेवटचा पत्ता तेवढा उघडायचा होता. अशा वेळी दोघांनी आधीच कबूल केलं तर तो दोनदा वाटतात, प्रत्येक वाटपावर अर्धे पैसे. मित्राने विचारलं, "भाऊ, दोनदा वाटाचं काय?" कंत्राटदार हसला. "कायले? एकदाच. मर्दासारखं खेळ." मी पत्ता उघडला आणि मित्र जिंकला. कंत्राटदाराने पैशांवर पंजा ठेवला. "आता दुसरा वाट." "तुमीच तर नाई म्हणलं ना!" मित्र ओरडला. "मले कायदा शिकवतं काय बे? उद्या कामावर याचं हाय ना दोघाइले?" मी दुसरा पत्ता उघडला. त्यावर तो जिंकला आणि अर्धे पैसे घेऊन उठला. मित्र मात्र त्याच्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होता. त्या माणसाची चीड मला आजही येते, पण कॅट पिसायला घेतला की आधी दिसतात ते माझेच हात.