करडईच्या तेलातली साखळी

सन १९३७, मार्चमधला दुसरा रविवार. खर्च साडेसात आणे: रॉकेल, रिठे आणि अर्धा शेर करडईचे तेल. हजर मी आणि बायको. त्या दिवसाखाली माझ्या वहीत एवढेच आहे. पुढचे लिहायला वहीत जागा नव्हती असे नाही, लिहावेसे वाटले नाही. ते आता लिहितो.

मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो आणि एका साखर कारखान्याकडे ऊस नोंदणीचा कारकून होतो. बारामतीच्या बाजूची एकोणीस गावे माझ्याकडे होती. कालव्याच्या कडेने हिंडायचे, कुणाचा ऊस किती एकर किती गुंठे, लागण कोणत्या महिन्यातली, टन किती निघतील ते लिहायचे, आणि दर पंधरा दिवसांनी बत्तीस मैलांवर इंदापूरला जाऊन कागद द्यायचे. या कामाला स्वतःचे वाहन लागे. माझी फटफटी एका पेन्शनीत निघालेल्या ओव्हरसियरकडून घेतलेली होती. माझ्याकडे आली तेव्हाच ती नऊ वर्षांची होती. पुढची पाच वर्षे तिने मला जेवढे वाहिले, त्याच्या निम्मे तरी मी तिला ढकलले असेन.

त्या आठवड्यात साहेबांचा कागद आला होता. येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता सर्व नोंदणी कारकुनांनी आपापल्या गाडीसह इंदापूरला हजर राहावे, गाड्या तपासण्यात येतील. ज्याची गाडी नीट नसेल त्याचे फिरतीचे काम काढून त्याला कारखान्याच्या काट्यावर बसवण्यात येईल. काट्यावर म्हणजे उसाच्या बैलगाड्या तोलायला. पगार तोच, पण राहणे तिकडेच पत्र्याच्या चाळीत, आणि घरी महिन्यातून एकदा.

खरे सांगायचे तर काट्यावरची खुर्ची मला नको होती असे नाही. बसून करायचे काम होते, आणि माझी कंबर दुसरे काही मागतच नव्हती. पण घरात आम्ही दोघेच. मुलींची लग्ने झालेली. बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. उजव्याने तिला उजेड आणि सावली एवढेच कळे, डाव्याने भांडे दिसे पण भांड्यातले दिसत नसे. आडावरून पाणी आणताना मी पुढे आणि ती माझ्या मागे. तिला एकटी ठेवून मी चाळीत राहणे शक्य नव्हते. तिने फक्त विचारले, "गाडी धुवायची कवा?"

म्हणून रविवारी धुतली. गाडी अंगणात स्टँडवर घेतली. आडाचे अकरा पोहरे पाणी लागले. आधी इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला मेणकापड गुंडाळून सुतळीने बांधले, कारण तिथे पाणी गेले की गाडी दोन दिवस रुसते. चाकांच्या दांड्यांना आणि वरच्या मडगार्डांना कालव्याच्या वाटेवरचा चिखल वाळून बसला होता, त्यात उसाच्या रसाचा चिकटा. तो आधी भिजवला, मग रिठ्याच्या पाण्याने आणि राखेने काढला. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाकळ्यांत बोट जात नाही. तिथे बाभळीचे दातवण चावून त्याचा कुंचला करायचा आणि एकेक पाकळी घासायची. सगळे होईतो दहा वाजत आले आणि मला उभे राहताना गाडीला धरावे लागले.

मग साखळी. तिच्यात एक सांध्याची कडी असते, तिच्यावरची चिमटी काढली की साखळी सुटते. माझ्या साखळीच्या कड्या अठ्ठ्याण्णव. ती रॉकेलात बुडवून, दातवणाने घासून, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली. लोखंड चकाकले. पण कोरडी साखळी चालत नाही, तिला वंगण लागते, आणि अडचण तिथेच होती.

पूर्वी मी पुण्याहून ग्रीसचा डबा आणला होता. आमचे घर माळकरी. बायकोने तो डबा हुंगला आणि बाहेर ठेवला.

"ह्यो चरबीचा डबा माझ्या चुलीजवळ यायचा न्हाय."

"त्यात चरबी आहे असं कोण म्हणालं?"

"न्हाय असं तरी कोण म्हनालंय?"

डबा एका गाडीवानाला गेला. तेव्हापासून मी साखळीला इंजिनाचे तेल थेंबाथेंबाने देत असे, पण ते विकतचे, आणि आता कुपीत इंदापूरला जाऊन येण्यापुरतेच उरले होते. म्हणून मी वाण्याकडे जाऊन दोन तेलांचे भाव विचारले. एरंडेल करडईच्या जवळजवळ दीडपट. बैलगाडीच्या आसाला एरंडेलच घालतात हे मला ठाऊक होते. पण गाडीवान जे करतो ते सवयीने करतो, आणि मी जे करतो ते हिशेब करून करतो, असा माझा समज होता. करडईचे तेल पातळ, तेव्हा ते आत जास्त मुरेल. तापवले तर आणखी मुरेल. आणि जितका वेळ तापेल तितके अधिक. हे त्रैराशिक मी स्वतःच मांडले.

तेल एका फुटक्या कढईत घेतले, साखळी गुंडाळून आत सोडली आणि कढई चुलीच्या बाजूच्या वैलावर ठेवली. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, सहा तास. बायको शेजारी भाकरी थापत होती. वासानेच ती वैतागली.

"ह्याला आता फोडनी देऊ का अशीच वाढू?"

"हात लावू नकोस, भाजेल."

"मला दिसत न्हाय म्हनून बरंय. दिसलं असतं तर हसले असते."

संध्याकाळी साखळी काढून निथळवली आणि अंगणातल्या खुंटीला टांगली. सोमवार, मंगळवार, बुधवार मी घरातच बसून एकोणीस गावांचे कागद स्वच्छ उतरवले. तीन दिवस मार्चचे ऊन साखळीवर होते. जातायेता मी बघे. तेल गळत नव्हते, धूळ बसत नव्हती, साखळी मधासारखी पिवळी दिसत होती. एवढी सुंदर साखळी मी पाहिली नव्हती, आणि बुधवारी वहीत तसे लिहिलेही.

गुरुवारी सकाळी ती खुंटीवरून काढली, तर ती खुंटीवर होती तशीच राहिली, नालासारखी वाकलेली. मी जमिनीवर ठेवली, तरी कमान मोडेना. रॉकेलात घातली. तासाभराने बाहेर काढली, तीच कमान. मग दोन्ही हातांनी एकेक कडी मोडायला लागलो. पाव तासात चार कड्या हलल्या. अठ्ठ्याण्णवांना सहा तास लागणार होते, पण मी पाचवीशी येईतो पहिली पुन्हा घट्ट झाली होती. मग मी ओट्यावर बसलो. पुण्याहून नवी साखळी मागवली तर ती शनिवारच्या आत येणार नव्हती. बारामतीत तसली साखळी मिळत नव्हती. बायको चाचपडत आली, साखळी हातात घेतली आणि परत दिली.

"काट्यावर किती तास काम असतं?"

"बारा."

"मंग मी लेकीकडं जाईन. तिच्या सासूला इचारावं लागंल."

ती आत गेली. लेकीच्या घरी तिला किती दिवस ठेवून घेतील हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

दुपारी आमचा चांभार बायकोच्या वहाणेचा अंगठा शिवून घेऊन आला. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, विहिरीवरच्या कातडी मोटा शिवण्यात त्याचा हात धरणारा आमच्या बाजूला दुसरा नव्हता. तो अंगणाच्या कडेला बसला. त्याने खाली पडलेल्या साखळीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आण्णा, हे काय केलंसा?"

मी काय केले ते सांगितले, किती शेर आणि किती तास यांसकट. त्याने साखळी घेतली, नखाने खरवडली, नख नाकाशी नेले.

"रोगान हाय हे."

"कसलं रोगण?"

"करडीचं तेल दिसभर कढवलं की रोगान हुतं. आमी मोटंला लावतो, कातडं पानी धरू न्हाय म्हनून. एकदा वाळलं की दगूड." मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "माल झ्याक उतरलाय. ह्या गाडीनं हिरीचं पानी काढायचं हाय का?"

आतून बायकोचे हसू ऐकू आले. मला आले नाही.

"निघेल का हे?" मी विचारले.

"रॉकेलानं न्हाय निघायचं. घरात पापडखार हाय का?"

पापडखार होता. बायकोने डबाच पुढे केला. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात पाणी, पापडखार आणि साखळी घालून अंगणात तीन दगडांवर जाळ केला. पाणी उकळले तसे त्यावर साबणासारखा तांबूस फेस आला. तो फेस ओतायचा, पुन्हा पाणी, पुन्हा पापडखार. असे चार वेळा. चौथ्या पाण्याला अंधारून आले, तेव्हा चांभार आपली आरी माझ्या ओट्यावर ठेवून गेला आणि शुक्रवारी उजाडताच आला.

त्या दिवशी आम्ही दोघे अंगणात बसून एकेक सांधा मोकळा करत गेलो. तो आरीच्या टोकाने फटीतले मऊ झालेले रोगण उकरी, मी कडी पुढेमागे हलवून रॉकेलाने धुई. मी मोजत होतो. एकतिसाव्या कडीला आरीचे टोक त्याच्या अंगठ्यात गेले. त्याने अंगठा तोंडात घातला आणि दुसऱ्या हाताने साखळी पुढे ओढली.

"मोजू नगासा आण्णा," तो म्हणाला. "मोजलं की लांब वाटतं."

"मोजलं नाही तर कळणार कसं किती राहिल्या?"

"ऱ्हायल्या तेवढ्या हातात असत्यातच की."

दुपारी तीनच्या सुमारास अठ्ठ्याण्णवावी कडी हलली. साखळी हातातून दोरीसारखी लोंबली. आता वंगणाला काय, असे मी विचारले तेव्हा त्याने माझ्याकडे असे पाहिले की मला पुन्हा विचारायचे धैर्य झाले नाही.

"एरंडेल. ते वाळत न्हाय. गाडीवानाला इचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं."

बायको आतून एरंडेलाची बाटली घेऊन आली. नातवंडे आली की त्यांना जुलाबाला द्यायची ती बाटली, वर्षभर फडताळात होती. साखळीला पुरून तेल उरले. साखळी चढवली, सांध्याची चिमटी बंद बाजू पुढे करून बसवली, नाहीतर ती धावताना निसटते. चाक फिरवून पाहिले. चाक फिरत राहिले.

मी पैसे विचारले. "दहा आणे," तो म्हणाला. "पन आज नगं. इंदापूर करून या. चालली तर द्या."

शनिवारी पहाटे निघालो. निमगाव केतकीपर्यंत मी दर पाच मैलांना थांबून साखळीला बोट लावत होतो. ती गरम होती, पण मऊ होती. पावणेनऊला इंदापुरात पोचलो. सात गाड्या उभ्या होत्या, त्यांतल्या दोन ढकलत आणलेल्या. साहेब एकेका गाडीपाशी वाकत होते. माझ्या गाडीपाशी ते उकिडवे बसले, चाक फिरवले आणि साखळीवर बोट ओढले.

"कुणाकडून साफ करून घेता?"

"घरीच करतो."

"वय काय तुमचं?"

"शेहेचाळीस."

"थकत नाही का? काट्यावर सावली असते."

"थकतो," मी म्हणालो. "पण माझ्या घरात मी लागतो."

त्यांनी कागदावर खूण केली आणि म्हणाले, "बारामती तुमच्याकडेच राहू द्या." ज्यांनी गाड्या ढकलत आणल्या होत्या त्या दोघांना काट्यावर पाठवले. त्यांतला एक माझ्याच वयाचा होता. त्याने मला रामराम केला नाही, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही.

परतीचे बत्तीस मैल ऊन समोर होते. अंगणात गाडी उभी केली तेव्हा तिला स्टँडवर घ्यायचेही त्राण नव्हते, भिंतीला टेकवली. बायको दारात होती. गाडीच्या आवाजावरूनच तिने ओळखले असावे. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बारामतीच," मी म्हणालो.

"मंग उद्या डाळ निवडून द्या. परवा खडा लागला."

मी ओट्यावर आडवा झालो आणि तसाच झोपलो. चांभार कधी आला ते मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी डाळ निवडताना विचारले तेव्हा तिने सांगितले की त्याला पैसे देऊन टाकले. किती, म्हणून विचारले. पैशांच्या डब्यातली नाणी तिने हाताने चाचपून काढली होती, तेव्हा तिलाही नक्की ठाऊक नव्हते. मी डबा मोजला, मागच्या शिलकेशी ताडला आणि वहीत लिहिले: चांभारास बारा आणे.