लालबागहून गिरगावला, कर्ण्याची मोटार घेऊन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे घोंगडं झटकणं. एक टोक बायकोच्या हातात, एक माझ्या. रात्रभर ते मोटारीतल्या मशीनवर होतं, दवानं जड झालं होतं.

गावाकडच्यांना मुंबईची थंडी म्हटलं की हसू येतं. पण हिवाळ्यात इथं पहाटे दव पडतं आणि कर्ण्याच्या (सभेच्या भोंग्याच्या) मशीनला ते बाधतं. आत काचेचे दिवे असतात, व्हॉल्व म्हणतात त्यांना. दमट झाले की आवाज खरखरतो. गार असताना एकदम जोर दिला की आवाज फाटतो. म्हणून मी रात्री बॅटरी काढून खोलीत आणायचो, माइक फडक्यात गुंडाळून चुलीपासून हातभर लांब ठेवायचो, कर्ण्याच्या तोंडात गोणपाट कोंबायचो. सकाळी आधी दिवे तापू द्यायचे, मग बोलायचं. माझी शाळा दोन बुकांची, पण एवढं मला येत होतं.

"डब्याला घोंगडं आन् मला वाऱ्यावर," हौसा म्हणाली. हौसा म्हणजे माझी बायको. "पुढल्या जन्मी मशीनच होते."

"तू घरी बस. आज दिवस बरा नाही."

"चाळीतल्या समद्या बाया सभेला निघाल्यात. मी काय चूल राखू?" असं म्हणत ती मोटारीत बसलीसुद्धा.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आदल्या दिवशी शहरात गोळी चालली होती. लालबागची दुकानं बंद. भायखळ्याच्या पुढं एक जळालेली बस आडवी पडली होती, काचांवरून चाकं कुरकुर वाजत गेली. एका शिपायानं मोटार अडवली.

"मागं काय झाकलंय?"

"मशीन हाय, साहेब."

"घोंगड्यात?"

"थंडी लागते त्याला."

तो हसला. त्याच्या हसण्यानं मला जास्त भीती वाटली. सोडलं त्यानं, पण म्हणाला, "बाईला घेऊन कुठं निघालास?" मी गिअर टाकला.

गिरगावात गॅलऱ्यांतून माणसं शाली पांघरून खाली बघत होती. एका हॉटेलवाल्यानं अर्ध्या उघडलेल्या फळीतून पोहे आणि चहा दिला. हौसानं पोहे चाटूनपुसून खाल्ले. माझी बशी मी तिच्यापुढं सरकवली.

"भ्यालात व्हय?"

"भ्यालो."

"मग चहा तरी प्या," म्हणाली, आणि पुढं सभेला जमलेल्या बायकांत जाऊन बसली.

पुढारी यायचे होते. बॅटरी वाचावी म्हणून मी मशीन बंद ठेवलं आणि वर पुन्हा घोंगडं टाकलं. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून दगड आले. मग फटाफट आवाज. आधी वाटलं, कुणी दुकानाच्या फळ्या आपटतंय. माणसं पळायला लागली तेव्हा कळलं.

बायका उठल्या, सांडल्या, चहूकडं गेल्या. हौसा दिसेना. मोटार सोडून गर्दीत शिरलो तर मलाच तुडवतील, म्हणून मी घोंगडं ओढलं आणि बटण दाबलं. दिवे गार होते. आणि मी थांबलो. हाताला सवयच तशी. गोळ्या चालल्यात आणि मी दिवे लाल होण्याची वाट बघतोय.

मग माइकमध्ये ओरडलो, "अगं ए! इकडं ये!"

पन्नास बायकांनी वळून बघितलं. दोघीतिघी तर मोटारीकडं धावत आल्या, आपल्यालाच बोलावलं असं वाटून. एक म्हातारी फुटपाथवरून किंचाळली, "कुणाला हाकारतोस मेल्या? नाव सांग की!"

नाव. लग्नात घास भरवताना घेतलं होतं, तेवढंच. नंतर सगळा संसार अगं-अहोवर झाला. जीभ उचलेना. मग सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडलो, "हौसा! हौसा!"

ती आली नाही. म्हातारीच म्हणाली, "हिरव्या लुगड्यातली का? नाव ऐकून मान वर केली तिनं. ती बघ तिथं."

बंद दुकानाच्या पायरीला टेकून बसली होती. कुशीतून रक्त येत होतं. दोघा जणांनी तिला उचलून मागच्या सीटवर मशीनशेजारी ठेवलं. मोटार मी चालवली. तोंड उघडून ती एवढंच बोलली, "केवढ्यानं वरडलात. समद्या गिरगावानं ऐकलं."

"ऐकू दे," मी म्हणालो.

इस्पितळाच्या दारात मोटार थांबवली तेव्हा मागून आवाज येत नव्हता. मी लगेच वळून बघितलं नाही. मग डॉक्टरनं बघितलं.

गावाकडून कुणी आलं की विचारतं, मुंबई केवढी मोठी? मी सांगतो, लालबागहून गिरगाव मोटारीनं फार लांब नाही, पण जाताना जी माणसं असतात ती येताना असतीलच असं नाही. दिवे तापेपर्यंत मी थांबलो नसतो तर काय झालं असतं, हे मी कितीजणांना विचारलं. सगळे म्हणतात, काही फरक पडला नसता. त्यांना काय जातंय म्हणायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादरला गेलो. हौसाची धाकटी बहीण तिथं राहते. मोरीत भांडी घासत होती. हात राखेनं भरलेले. मला बघून हसली.

"दाजी, एकलेच? अक्का कुठंय?"

"हात धू आधी," मी म्हणालो.

तिनं हात धुतले, पदराला पुसले. मी म्हणालो, "आता बस."

ती बसली. मग सांगितलं.