उसन्या विजेचा कंदील

बारामतीला कॉलेजात होते तेव्हा शनिवारी घरी न जायला माझ्याकडं एक पक्कं कारण होतं. घरी लाईट नाही, अभ्यास होत नाही. आमची वस्ती निमगाव केतकीच्या पुढं, इंदापूरच्या रस्त्यापासून दोन शेतं आत. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं आणि विजेचे खांब गावापर्यंत येऊन तिथंच थांबले होते. खरं सांगायचं तर मला हॉस्टेलवर मैत्रिणींत करमायचं. नाव मात्र लाईटचं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते कारणच काढून टाकलं. तालुक्याला चार खेपा मारून त्यांनी उन्हावर चालणारा कंदील आणला. पाटाएवढी एक निळी काच, ती पत्र्यावर ठेवायची, तिला वायर आणि वायरीच्या टोकाला आत बॅटरी असलेला कंदील. "दिवा आणलाय, आता शनवारी येत जा म्हणावं," असा मला निरोप आला.

मी गेले. आबा हरखून काच दाखवत होते, रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतो म्हणत होते. आणि मी काय करावं? त्याच आठवड्यात सरांनी वर्गात सांगितलेलं होतं, तेवढी अक्कल तिथं पाजळली. "आबा, ही काच बनवायला भट्टीत मरणाची वीज लागते. तेवढी परत द्यायलाच हिला काही वर्षं लागतील. देती का न्हाय, त्यावर पण लोक भांडत्यात."

आबांचा चेहरा उतरला. "म्हंजी ही वीज उसनी घिऊन आलीया?"

"व्हय. ते फिटंस्तोवर हिचं काय खरं न्हाय."

शहाणी मोठी! माणसानं एवढ्या हौसेनं दिवा आणला, आणि मी त्याला भट्टीचा हिशोब ऐकवत बसले. त्या रात्री कंदिलाखाली बसून मी अभ्यास केला आणि आबा समोर बसून माझ्याकडं बघत राहिले. इतकं काय बघताय, म्हणून मी त्यांच्यावर खेकसलेसुद्धा. आज कुणी तसं समोर बसणार असेल तर मी रात्रभर पुस्तक उघडून बसेन.

पुढं परीक्षा आली, आणि मी दोन-अडीच महिने घरी फिरकले नाही. मग अचानक मधल्याच वारी सुट्टी मिळाली म्हणून न कळवता गेले. पोचले तर दिवस बुडालेला, घरात रॉकेलची चिमणी धुपत होती आणि आई तिच्यापुढं डोळे बारीक करून भाजी चिरत होती. कंदील खुंटीला, वर फडकं झाकलेलं.

"बिघडला का काय?" मी विचारलं.

"बिघडतोय कशाचा. तू असल्याबिगर पेटवू देत न्हाईत. म्हणत्यात, आधी काचेचं उसनं फिटू दे."

आमचं घर मुळात मेंढरामागचं. आजोबांपर्यंत कळप होता, आबांच्या वाट्याला शेती आली, पण रीत राहिली ती मेंढपाळाचीच. पहिल्यांदा व्यालेल्या मेंढीचं दूध आमच्यात काढत नाहीत. आधी कोकरू अंग धरू दे, मग माणसाचं बघू. आबांनी तोच नेम काचेला लावला होता. काच रोज उन्हात, आणि ही दोघं चिमणीच्या धुरात!

मी भडकलेच. माझा राग तेव्हाही नाकावर असायचा. "अवो आबा, बॅटरी एकदा भरली की वरचं ऊन वायाच जातं! दिवा पेटवला, त्या उजेडात कुणी काम केलं, तरच ते फिटतं. अंधारात बसून तुमी एक दिस फेडला न्हाय."

आबांनी कंदिलावरचं फडकं काढलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजी, तू न्हाय आलीस तरी रोज पेटवायचा?"

"व्हय."

"बरं."

मला तर सुटल्यासारखंच झालं. आता तो दिवा माझ्यासाठी अडून राहणार नव्हता. मी पुढं पुण्याला गेले, नोकरीला लागले. शनिवार येत होते, जात होते, आणि मी आपली पुढच्या शनिवारी नक्की म्हणत होते. मधेच कुठंतरी वाचलं की अशी काच आपली वीज काही वर्षांत फेडते आणि पुढं कितीतरी वर्षं नुसती देतच राहते. हे आबांना समोर बसून सांगायचं होतं. राहिलं.

नव्वदचं दशक संपता संपता आबा गेले. दिवस झाल्यावर पाहुणे पांगले तेव्हा अंगणातल्या लिंबाला मला एक मोठा खिळा दिसला. आईला विचारलं, हा कशाला?

"कंदिलाचा. दिस बुडाला की हितं टांगायचं, रस्त्यावनं दिसंल असा. इंदापूरची शेवटची एसटी गेली की मग आत आणायचं. दोनदा बॅटरी बदलून आणली, पर एक दिस चुकवला न्हाय."

मी खिळ्याला हात लावून बघितला.

"आन मला म्हणायचं, हितंच बस ज्वारी निवडत. कुणी काम केलं न्हाय तर त्यो उजेड फिटत न्हाय, पोरीनं सांगितलंय." आई खिळ्याकडं बघत होती. "आता रोज कुठली ज्वारी गं? निवडलेलीच परत निवडायची मी."